कसबेकाकांचा निल रिपोर्ट

समोरचा माणूस बोलू लागला की कसबेकाकांच्या उजव्या हाताची तर्जनी मांडीवर चालू लागे. बसमध्ये दोन बायका भांडत असोत, चर्चमध्ये पाळकांचा उपदेश चाललेला असो किंवा घरी मार्थाकाकू खुद्द त्यांनाच बोलत असोत, बोट सारखं हलत असायचं. बारीक वळणं, आडव्या रेघा, ठिपके. नवख्या माणसाला वाटे, यांना कसलंसं दुखणं आहे. दुखणं नव्हतं, नोकरी होती. शांतवन कसबे दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात स्टेनोग्राफर होते आणि कानावर पडलेला शब्द लघुलिपीत उतरवल्याशिवाय त्यांच्या डोक्यातून बाहेर पडत नसे. मार्थाकाकू भांडता भांडता मध्येच थांबून विचारत, "झालं का लिहून?" काका शांतपणे म्हणत, "नोटेड." मग भांडण पुढे सुरू होई.

हा माणूस आमचा टेबल टेनिसचा कोच होता. त्यांना टेबल टेनिस येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण ते स्वतःही पहिल्याच दिवशी सांगत. रामकृष्णपुरमच्या आमच्या सेक्टरात समाज सदन नावाचा एक मोठा हॉल होता. तिथे लग्नं होत, सभा होत, आणि उरलेल्या दिवसांत एका कोपऱ्यातलं हिरवं टेबल उघडून आम्ही सरकारी नोकरांची मुलं खेळत असू. हॉलची किल्ली ठेवायला कुणी तयार होईना, ती काकांनी ठेवली. किल्ली ज्याच्याकडे तो सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी रोज हजर म्हणून तोच कोच, अशी ती बढती झाली होती. मंत्रालयात पंचवीस वर्षांत जेवढी मिळाली नव्हती तेवढी इथे एका आठवड्यात मिळाली, असं ते म्हणायचे.

त्यांना सर म्हटलेलं चालत नसे. "दिवसभर मी लोकांना सर म्हणतो," ते सांगत, "संध्याकाळी तरी तो शब्द नको." म्हणून मराठी असो, पंजाबी असो, तमिळ असो, सगळी मुलं त्यांना काकाच म्हणत. हाताचे फटके आम्हाला आमच्यातलीच मोठी मुलं शिकवायची. काका खुर्ची टाकून टेबलाच्या बाजूला बसत, मांडीवर स्टेनोचं पॅड, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. पेन्सिलींना दोन्हीकडून टोक काढलेलं, कारण डिक्टेशन चालू असताना टोक मोडलं तर साहेब थांबत नाही.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. हात बरा होता, डोकं मात्र माझ्या ताब्यात नव्हतं. एक पॉइंट गेला की मी त्याचं दुःख करायची, तेवढ्यात दुसरा जायचा, मग दोन्हींचं मिळून दुःख. तीन पॉइंटांत माझा चेहरा असा होई की समोरच्या मुलीलाच वाईट वाटे. एकदा अशीच हरून मी रॅकेट आपटली. दुसरा कोणी कोच असता तर ओरडला असता. काकांनी पॅडचं कोरं पान उलटलं आणि म्हणाले, "अलका, आता परत खेळ. प्रत्येक पॉइंटनंतर मनात जे आलं असेल ते तोंडाने म्हणायचं. विचार करून नाही. जसंच्या तसं. मी लिहून घेतो."

मला वाटलं चेष्टा आहे. पण काका चेष्टा करताना डोळे मिचकावत, आणि तेव्हा डोळे पॅडवर होते. मी बोलत गेले, ते लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टाइप केलेला कागद दिला. ऑफिसात रद्द झालेल्या सर्क्युलरांच्या पाठकोऱ्या बाजूवर, मधोमध शीर्षक, कु. अलका खरे यांच्या मनाचे इतिवृत्त. खाली ओळीने सगळं आलेलं. हा गेला. मागचाही असाच गेला. आईने भेंडी केली असेल. ती निळ्या रिबिनवाली हसली का. हसलीच. हाही गेला. बाबा म्हणणार, अभ्यास सोडून काय करते. शेवटी काकांचा शेरा होता, एकूण वाक्ये सत्तावीस, पैकी चेंडूविषयी एक, तेही 'चेंडू तडकलाय का' असे.

तो कागद वाचताना मला जी लाज वाटली ती पुढे आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली. माझ्या मनात काहीतरी खोल, दुःखी, गुंतागुंतीचं चालतं अशी माझी समजूत होती. टाइप केल्यावर ते भेंडी आणि निळी रिबीन निघालं.

मग ही पद्धत सगळ्यांनाच लागू झाली. आठवडाभर काका प्रत्येकाचं मन लिहून घेत आणि रविवारी सकाळी आम्हाला सतरंजीवर बसवून वाचून दाखवत. आवाजाला चढ नाही, उतार नाही, साहेबाने सांगितलेलं पत्र परत वाचून दाखवावं तसं. जो ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत. एका तमिळ मुलाचं मन ते निव्वळ आवाजावरून लिहीत, कारण तमिळचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. रविवारी त्यांनी ते घडाघडा वाचलं की तो मुलगा लाल होई, आणि आम्ही बाकीचे 'काय म्हणाला, काय म्हणाला' करत त्याच्या मागे लागू. मी विचारलं होतं, "काका, अर्थ न कळता कसं लिहिता?"

"अर्थ लावायचाच नसतो," ते म्हणाले. "अर्थ लावणारा स्टेनो मागे राहतो. इतक्या वर्षांत साहेबांच्या एका वाक्याचा मी अर्थ लावला नाही, म्हणून तर टिकलो."

हेच त्यांचं शास्त्र. डिक्टेशन घेताना एखादा शब्द सुटतो. कच्चा स्टेनो त्या शब्दाच्या मागे धावतो, तोवर पुढचे दहा निघून जातात. पक्का स्टेनो तिथे मोकळी जागा सोडतो आणि पुढचा पकडतो. पॉइंट गेला की काका टेबलावर पेन्सिलीने एक टकटक करत आणि म्हणत, "गेलेला शब्द गेला. पुढचा घे." कुणाचा पाय मुरगळला, कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाच्या वडिलांची अचानक आसामात बदली झाली, तरी काकांकडे हेच औषध होतं. बदली झालेल्या मुलाच्या आईने एकदा त्यांना सांगितलं होतं की भाऊसाहेब, हा शब्द नाहीये, बिऱ्हाड आहे. काका म्हणाले, "नोटेड."

स्टेनोच्या पॅडवर मधोमध एक उभी लाल रेघ असते. काका आमचं मन डाव्या बाजूला लिहीत आणि उजवी बाजू कोरी ठेवत. इतका कागद वाया का घालवता, असं विचारलं तर म्हणत, "ती ऑफिसची जागा आहे." कुठलं ऑफिस, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. टाइप केलेल्या कागदाच्या प्रती ते तीन काढत. एक खेळाडूला, एक फाइलला आणि तिसरी कशाला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तीन प्रती असतात, एवढंच ठाऊक होतं.

आता गंमत अशी की हे सगळं उपयोगी पडत होतं. वर्षभरात माझे कागद आखूड होत गेले. तेच तेच बोलायचा मलाच कंटाळा येऊ लागला. काका पुनरुक्ती टाइप करत नसत, नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहीत, आणि आपलं मन एका पानात अकरा वेळा वरीलप्रमाणे आहे हे पाहिल्यावर माणूस सुधारतो. सत्तावीस वाक्यांची पंधरा झाली, पंधराची आठ. भेंडी गेली, रिबीन गेली. सगळ्यांना एकच ध्येय दिलेलं होतं, निल रिपोर्ट. मंत्रालयात दर महिन्याला कसले कसले अहवाल मागवतात आणि सांगण्यासारखं काही नसलं की निल रिपोर्ट धाडतात. "खेळताना मनाचा निल रिपोर्ट आला पाहिजे," काका म्हणत. "माझं पान कोरं राहिलं पाहिजे. ज्या दिवशी कुणी मला कोरं पान देईल त्या दिवशी मी ही किल्ली परत करीन." आमच्यापैकी कुणी ते दिलं नव्हतं आणि किल्ली काकांकडेच होती.

या पद्धतीत एक भोक होतं. ते आम्हा दोघांनाही दिसलं नाही, कारण आम्ही दोघेही दिल्लीतले मराठी होतो.

दिल्लीतल्या मराठी माणसाची अशी पक्की खात्री असते की आपली भाषा इथे कुणाला समजत नाही. हिंदीत आपण सभ्य असतो. मराठी म्हणजे सीलबंद पाकीट, त्यात काहीही घालावं. माझ्या आईने एकदा बसमध्ये शेजारच्या बाईच्या साडीवर माझ्याशी सविस्तर चर्चा केली होती, रंग, पोत, आणि ती त्या बाईला कशी दिसते, सगळं. ती बाई आपल्या स्टॉपवर उठली आणि आईला म्हणाली, "येते हं. साडी सासूबाईंनी दिलीये, काय करणार?" आई आठ दिवस गप्प होती. नवव्या दिवशी भाजीवाल्यासमोर भाजीवाल्याबद्दल पुन्हा सुरू झाली. काकाही तसेच. माझं मन मराठीत चालतं याचा त्यांना आनंद होता. बाकीच्यांचं समोरच्याला समजतं, तुझं गोपनीय राहतं, असं ते मला म्हणाले होते.

बारावीला मला जेमतेम मार्क मिळाले. त्या मार्कांवर चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळणार नव्हता. एका मुलींच्या कॉलेजात टेबल टेनिस खेळणारीसाठी एकच जागा होती आणि तिच्यासाठी ट्रायल होती. बाबांनी स्वच्छ सांगितलं, ट्रायल दे, जागा मिळाली तर शीक. नाही मिळाली तर जवळच्या मुनिरक्यातल्या क्लासात शॉर्टहँड-टायपिंग, मग परीक्षा, मग नोकरी. बाबा वाईट नव्हते. ते स्वतः कारकून होते आणि नोकरी हीच त्यांच्या लेखी मुलीला देण्याजोगी खरी भेट होती.

हे ऐकून कसबेकाका आमच्या घरी आले. मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. चहा तसाच ठेवून ते बाबांना म्हणाले की अहो खरे, ट्रायलचं काहीही होवो, पोरीला शॉर्टहँडला घालू नका. कुठल्याही कॉलेजात घाला, घरी बसून बी. ए. करू द्या. बाबांना हसू आलं. "कसबे, तुम्ही स्वतः स्टेनो आहात," ते म्हणाले. "काय वाईट झालं हो तुमचं?"

काकांचं बोट मांडीवर चाललं. प्रश्न पूर्ण उतरवून झाला. मग ते म्हणाले, "नोटेड," आणि उठले.

मी त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेले. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. "तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहितोय अलका," ते म्हणाले. "माझं एक वाक्य कुणी लिहून घेतलं नाही. तू त्या खुर्चीत बसायचं नाहीस. ट्रायल जिंकायची. बिल्कुल जिंकायची."

एरवी ते कधी जिंकायची म्हणत नसत. कोरं पान म्हणत.

ट्रायल जुलैत होती. टेबल टेनिसला पंखे बंद ठेवतात, वाऱ्याने चेंडू हलतो म्हणून, आणि दिल्लीच्या जुलैमध्ये पंखे बंद केलेला हॉल म्हणजे काय हे दिल्लीकरालाच कळेल. काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. दुपारपर्यंत आम्ही दोघीच उरलो, मी आणि रेणू चड्ढा नावाची एक उंच मुलगी. पाचपैकी तीन गेम जिंकेल तिला जागा.

मी नेहमीप्रमाणे पॉइंटमागून पॉइंट पुटपुटत होते. अंपायरला वाटलं जप चाललाय, त्याने आदराने मान हलवली. काका बाकावर बसून लिहीत होते. माझं मन अगदी आटोपशीर झालेलं होतं, भेंडी नाही, बाबा नाहीत, फक्त खेळ. आता हिच्या बॅकहँडला लांब टाकावा. आता नेटजवळ सोडावा. सर्व्हिस उजवीकडे. आणि मी जिथे टाकीन तिथे रेणू चड्ढा माझ्या आधी हजर. पहिला गेम गेला. दुसरा त्याहून वाईट गेला. इतकी चांगली खेळाडू मी पाहिली नव्हती. हिला माझ्या मनातलं कळतं की काय, असं मला वाटलं, आणि तेही मी मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या गेमच्या शेवटी मी सहज पुटपुटले की हिचे बूट नवे दिसतात, चावत असतील. रेणू चड्ढाने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं.

मला ते दिसलं नाही. काकांना दिसलं. मी घाम पुसायला बाकाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. "तिला मराठी येतं," ते म्हणाले.

तिचे वडील लष्करात होते आणि ती सात वर्षं देवळालीला वाढली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की मी गेला पाऊण तास प्रतिस्पर्ध्याला डिक्टेशन देत होते. मी म्हटलं, मग आता मी गप्प बसते. काकांनी नको म्हणून मान हलवली. पाच वर्षं बोलत खेळलेली मुलगी ऐन वेळी गप्प बसली तर तिच्या मनात काय काय गर्दी होईल हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांच्याकडे मिनिटभर वेळ होता.

"तिला ऐकू दे," ते म्हणाले. "फक्त ऐकण्यासारखं काही ठेवू नकोस. जे करणार ते बोलू नको. जे दिसतं ते बोल."

मग मी तेच केलं. आला. गेला. आला. टप्पा. गेला. यात रेणू चड्ढाला घेण्यासारखं काही नव्हतं, तिलाही चेंडू दिसतच होता. अंपायरला वाटलं, मंत्र बदलला. तिसरा गेम मी घेतला. चौथ्यात माझे शब्द कमी होत गेले, 'आला' राहिला आणि 'गेला' गळून पडला. तोही गेम माझा झाला.

पाचव्या गेमचं मला जवळपास काही आठवत नाही. आठवायला मनात काहीतरी असावं लागतं. मी बोलत नव्हते, आणि बोलायचं नाही असंही ठरवलेलं नव्हतं. उकाडा नव्हता, कॉलेज नव्हतं, मुनिरक्याचा क्लास नव्हता. अठरा-अठरा झाले होते हे मला नंतर कळलं. आयुष्यात मी इतकं चांगलं कधी खेळले नाही, आणि मी एकोणीस-एकवीस अशी हरले.

रेणू चड्ढाने हात मिळवला आणि अगदी नाशिककडच्या मराठीत म्हणाली, "छान खेळलीस गं. बूट खरंच चावतात."

काका बाकावरून उठून आले होते. त्यांनी पॅड माझ्यासमोर धरलं. अर्ध्या भागावर त्यांचा पंजा होता, आणि लाल रेघेच्या डावीकडे वरपासून खालपर्यंत काहीही नव्हतं. "निल रिपोर्ट," ते म्हणाले. "पहिला. अलका, हे कुणाला जमलं नाही." आणि ते हसत होते. खरंच हसत होते.

घरी जाताना त्यांनी मला बसस्टॉपजवळ छोले-कुलचे खायला घातले. कांदा जास्त मागून घेतला. छोल्यांत आमचूर कसा बरोबर पडलाय याबद्दल ते बोलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. माझं कॉलेज गेलं होतं, ते यांच्या पद्धतीमुळे गेलं होतं, आणि हा माणूस एका कोऱ्या कागदावर खूश होऊन कुलचे खात होता. मला त्यांचा राग आला. फार राग आला. घरापाशी उतरताना ते म्हणाले, "गेलेला शब्द गेला." मी मागे न बघता जिना चढले.

त्यानंतर मी समाज सदनात पाऊल टाकलं नाही. ठरल्याप्रमाणे मुनिरक्याच्या क्लासात जाऊ लागले. सहा महिन्यांनी काका आपण होऊन घरी आले, हातात एक जुनं पॅड. बाबांना म्हणाले, "आता शिकतेच आहे तर नीट शिकू दे." मग रोज संध्याकाळी तासभर ते मला डिक्टेशन देत. इंग्रजी झालं की मराठीही देत, कारण लघुलिपी आवाजावर चालते आणि आवाजाला भाषा नसते असं त्यांचं म्हणणं. माझा राग होताच, पण तो घेऊनही शिकता येतं. वर्षभरात मी त्यांच्यापेक्षा वेगाने लिहू लागले. परीक्षेच्या हॉलमध्ये शंभर मुली घामाघूम होत्या आणि माझं मन स्वच्छ कोरं होतं. कसबेकाकांनी घडवलेली एकमेव अव्वल खेळाडू मी, आणि मी जिंकले ती स्पर्धा स्टेनोग्राफरच्या नोकरीची होती. निकाल लागल्यावर ते पेढे घेऊन आले. पेढा माझ्या हातावर ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. वाईट काही झालं नाही, बाबांचं चुकलं नव्हतं. चांगलं काय झालं हे मात्र कुणी विचारू नये.

काकांनी समाज सदनाची किल्ली त्या ट्रायलच्या दुसऱ्याच दिवशी परत केली होती. सगळ्यांना वाटलं, बोलल्याप्रमाणे वागले. रिटायर झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडून ते गाझियाबादला वैशालीत राहायला गेले. मी वर्षातून एकदोनदा जायची, नाताळला नक्की. बोलणं बेताचंच होई. शेवटच्या भेटीत ते टीव्हीसमोर बसले होते, बातम्या चालू होत्या आणि मांडीवर बोट हलत होतं, अगदी हळू. मी म्हटलं, काका, स्पीड कमी झाला. ते म्हणाले, "आता मोकळ्या जागा फार सोडाव्या लागतात." पुढच्या फेब्रुवारीत ते गेले.

महिन्याभराने मार्थाकाकूंचा फोन आला. लोखंडी पेटीभर पॅडं निघाली होती. रद्दीवाल्याला द्यायला मन होत नव्हतं आणि काय लिहिलंय ते घरात कुणाला वाचता येत नव्हतं. "तूच एक आहेस गं वाचणारी," काकू म्हणाल्या.

मी जमिनीवर बसून एकेक पॅड काढलं. डावीकडे आम्ही सगळे होतो, माझी भेंडी, माझी रिबीन, तमिळ मुलाचं न कळणारं मन. उजवीकडे पानामागून पान कोरं, ऑफिसची जागा. मग ट्रायलचं पॅड हाती आलं. पाचव्या गेमचं पान मी लगेच ओळखलं, डावी बाजू रिकामी होती. आणि रेघेच्या उजवीकडे, तेव्हा ज्यावर त्यांचा पंजा होता तिथे, वरपासून खालपर्यंत बारीक पेन्सिलीने खच्चून लिहिलेलं होतं.

काकूंनी विचारलं, "काय लिहिलंय गं? घरचं काही आहे का?"

मी वाचून दाखवलं. काका वाचत तसं वाचायचं मी ठरवलं होतं, चढ नाही, उतार नाही.

"देवबापा, हा पॉइंट तिला दे. हाही दे. चूक माझी. मोठ्याने बोलायला मी शिकवलं. मराठी कुणाला समजत नाही म्हणालो. तीस वर्षं दिल्लीत राहून एवढं कळू नये. खऱ्यांना काय सांगू. अठरा-अठरा. पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरं टोक आहे. प्रभू, ही माझ्या खुर्चीत नको. ही नको. एकोणीस-वीस. गेला. गेला. पोर शांत आहे. तिला कोरं पान दाखवायचं. उजवी बाजू झाकून. हसायचं. कुलचे खायला न्यायचं. किल्ली उद्या देऊन टाकायची. पुन्हा कुणाला शिकवायचं नाही."

शेवटच्या दोन ओळींना माझा आवाज सरळ राहिला नाही. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"परत वाच गं," त्या म्हणाल्या. "जरा सावकाश."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि परत वाचायला लागले.